चौफुल्याला जाणाऱ्याला कोण विचारतो?

यवत म्हटले की लोकांना तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आठवतो, वारकऱ्यांना गावाने वाढलेले पिठलं-भाकरी आठवते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे दौंड तालुक्यातले गाव. सकाळच्या गाडीने इथली माणसे पुण्याला, हडपसरला कामाला जातात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी येतात. आता त्यांत आपल्या मुलीही असतात. कुणी कॉलेजात आहे, कुणी कंपनीत, कुणी नर्सिंग शिकते. बाबासाहेबांनी सांगितलेली शिक्षणाची वाट त्या रोज तुडवतात.

या भागातल्या एका विहारात वंदनेनंतर बायामाणसे बसली होती. बोलता बोलता विषय निघाला एका मुलीचा. ती रात्री उशिराच्या गाडीने येते. स्टेशनवर एका मुलाशी बोलताना कुणीतरी तिला पाहिले. एक वडीलधारे म्हणाले, "समाजाची अब्रू पोरींच्या हातात असते. आईबापानं लक्ष ठेवायला पाहिजे."

तिथे तिची आई बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाली, "आप्पा, माझी पोर कामावरनं येती. तिला तुम्ही विचारता. ऊसाचं बिल आलं की जे रातभर चौफुल्याला बसत्यात, त्यांना या विहारात कधी कुणी विचारलं का?"

कुणीच उत्तर दिले नाही. तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. आज तोच आपल्या कुटुंबांपुढे ठेवत आहोत. बाईने कसे वागावे यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. स्त्रीमुक्तीवाल्या भगिनींमध्येही बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, तिचे लैंगिक स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. हे वाद शहरातल्या शिकलेल्या बायांचे आहेत, असे म्हणून आपण ते बाजूला सारतो. पण यवतच्या आसपास जरा फिरून पाहावे. हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याच दारात चालला आहे.

तीन ठिकाणे, एकच प्रश्न

यवतहून सोलापूरच्या दिशेने पुढे गेले की चौफुला लागतो. इथली कला केंद्रे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. इथे संगीत बारी चालते. एकेक पार्टी आळीपाळीने मंचावर येते, म्हणून ती बारी. समोर पुरुष बसतात, आवडीची लावणी सांगतात, दौलतजादा करतात. ज्याच्या खिशात जास्त पैसा, त्याच्यासाठी वेगळी बैठक. मिळालेल्या पैशातून थिएटरच्या मालकाचा वाटा जातो, साथीदारांचा जातो, घरच्यांचा जातो. उरेल ते नाचणारीचे.

त्याच चौफुल्याला लागून केडगाव. रेल्वेने गेले तर यवतनंतर खुटबाव आणि मग केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी उपाशी आणि निराधार मुली-बाया आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी आसरा उभा केला. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायांसाठी त्यांनी वेगळे कृपासदन काढले. रमाबाईंचा धर्मविचार आपला नाही. पण ज्या बाईला सगळ्यांनी दार बंद केले, तिला या बाईने दार उघडले, हे विसरता येत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले.

आणि दक्षिणेला डोंगर ओलांडला की पुरंदर तालुक्यात जेजुरी. तिथे खंडोबाला मुली वाहण्याची चाल होती. त्यांना मुरळी म्हणत. देवाशी लग्न लागले म्हणून माणसाशी लग्न नाही. देव काही सांभाळायला येत नाही. मग ती कुणाची? ज्याच्या हातात पैसा आणि सत्ता, त्याची. या मुरळ्या बहुतेक आपल्या आणि आपल्यासारख्या जातींतून आल्या, ही गोष्ट सांगताना मान खाली घालायची असेल तर ती वाहणाऱ्या व्यवस्थेने घालावी. त्या मुलींनी का घालावी?

या तिन्ही ठिकाणी बाईला नावे आहेत. नाचणारी, पतिता, मुरळी. समोरच्या पुरुषाला मात्र शिवी होईल असे एकही नाव नाही. उलट तो शौकीन, रसिक, दिलदार. इथूनच दुटप्पीपणा सुरू होतो.

पवळा आणि बापूराव

आपल्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट इथे आठवते. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे शाहीर पठ्ठे बापूराव, आणि संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा. तो ब्राह्मण, ती महार. दोघांनी मिळून महाराष्ट्र गाजवला. बापूरावांनी आंबेडकरी चळवळीला देणगी देऊ केली. महार बाया नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असे सांगून बाबासाहेबांनी ती नाकारली. ही आठवण आपले वडीलधारे अभिमानाने सांगतात.

अभिमान असावाच. पण बाबासाहेबांचे बोट कुणाकडे होते, हे नीट पाहावे. देणगी कुणाची नाकारली? पवळाची नव्हे. बाईच्या जातीवर आणि देहावर जो पैसा उभा राहिला, त्या पैशाला त्यांनी नकार दिला. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा नकळत उलटी करतो. 'नाचणाऱ्या बाईचा पैसा बाबासाहेबांनी घेतला नाही' असे म्हणतो. चार शब्द इकडचे तिकडे झाले आणि दोष नाचवणाऱ्याकडून नाचणारीकडे गेला.

१९३४ आणि १९३६

बाबासाहेबांच्या चरित्रातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली १९३४ ची. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढत. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, बाईचे शरीरसुख यांवर ते उघडपणे लिहीत. सनातन्यांनी त्यांना अश्लील ठरवून कोर्टात खेचले. त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांवर वाचकांनी विचारलेल्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्ञान झाकून ठेवल्याने नीती वाढत नाही, हे बाबासाहेबांनी भर कोर्टात उभे राहून मांडले. त्या काळात अशा खटल्याला हात लावायला किती वकील तयार झाले असते?

दुसरी १६ जून १९३६ ची. मुंबईत परळच्या दामोदर ठाकरसी हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांची सभा भरली. कामाठीपुऱ्यातल्या बायाही आल्या होत्या. धर्मांतराची घोषणा होऊन वर्षही झाले नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले, की हे जिणे सोडा, आमच्याबरोबर यायचे असेल तर मानाने जगा. शब्द कडक होते. पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्या बायांपुढे उभा होताच, आणि तो खोटा नव्हता.

मग हेच बाबासाहेब एकदा लैंगिक प्रश्नांवर मोकळे बोलू द्या म्हणतात आणि दोन वर्षांनी कामाठीपुरा सोडा म्हणतात, यात विसंगती आहे का? आम्हाला तशी वाटत नाही. दोन्हीकडे माणुसकीचाच आग्रह आहे. बाईला स्वतःच्या शरीराचे ज्ञान असावे, मूल कधी हवे ते तिने ठरवावे, हे स्वातंत्र्य. आणि जातीने, देवाने, भुकेने तिला कुणाच्याही हवाली करावे आणि त्यालाच तिची आवड म्हणावे, ही गुलामी. दोन्हींत बाईचे शरीरच असते, म्हणून दोन्ही एक होत नाहीत. फरक एकच आहे. तिला 'नाही' म्हणता येते का?

वाद कुठे अडला

२००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. अनेक स्त्री संघटना म्हणाल्या, बायांची रोजीरोटी हिरावू नका, कोणते काम करायचे ते त्यांना ठरवू द्या. काही दलित-बहुजन कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या म्हणाल्या, हे काम त्यांनी निवडलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातींच्या मुली नाचवल्या, त्याच इथेही नाचत आहेत. जातीचा धंदा टिकवण्याला आम्ही हक्क म्हणणार नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण त्या कायद्याकडे पाहिले की दुटप्पीपणा कसा असतो ते कळते. साध्या बारमधला नाच बंद, आणि तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना मोकळीक. म्हणजे गरिबासमोर बाई नाचली तर नीती बुडते, श्रीमंतासमोर नाचली तर बुडत नाही. हाच भेद न्यायालयाला पटला नाही. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मधल्या वर्षांत त्या बायांनी काय खाल्ले, त्यांची मुले कुठल्या शाळेत गेली, हे विचारायला ना बंदीवाले आले, ना नीतीवाले.

संगीत बारीची आतली बाजू वाचायची असेल तर डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' वाचावे. १९९४ साली ते पुस्तक आले. काळे एका नाचणाऱ्या आईचे पोर, शिकून डॉक्टर झालेले. आईचे नाव त्यांनी आपल्या नावात अभिमानाने लावले. मुलीच्या पायात चाळ बांधला की तिचे लग्न नाही, तिच्या कमाईवर घरातले बाप-भाऊ बसून खातात, आणि नाव मात्र तिचे खराब, हे त्यांनी घरातले असून लिहिले. अलीकडे डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो २०२२ मध्ये निघाला. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या या आपल्या भगिनीला २०२४ मध्ये अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अश्लील कुणाला म्हणायचे, हे जात कसे ठरवते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे.

नारायणगावच्या विठाबाईंची गोष्टही आपल्याच जिल्ह्यातली. मातंग समाजातली ही थोर कलावती. राष्ट्रपतींच्या हातून तिचा गौरव झाला. गरोदरपणाचे दिवस भरलेले असताना ती फडात उभी राहिली, मधेच बाळंत झाली आणि पुन्हा मंचावर आली, ही हकीकत लोक कौतुकाने सांगतात. आम्हाला त्यात कौतुकाआधी लाज दिसते. जिला बाळंतपणाचीही रजा नाही, तिच्या कलेला टाळ्या वाजवणाऱ्यांनी तिला माणूस म्हणून काय दिले? २००२ मध्ये त्या गेल्या. अखेरचे दिवस हलाखीचे होते.

चारित्र्य हे हत्यार

कुणी म्हणेल, हे नाचणाऱ्या बायांचे झाले. आपल्या घरंदाज लेकी-सुनांचा यात काय संबंध?

संबंध आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिला शरीरसंबंधाची सवय होती, तिने आरडाओरड केली नाही, अशा गोष्टींचा आधार पोलिसांच्या सुटकेसाठी घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. देशभर बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला.

आणि खैरलांजी आपण कशी विसरू? २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. जमिनीचा वाद होता, जातीचा राग होता, शिकणाऱ्या बौद्ध पोरांचा डोळ्यांत सलणारा ताठ कणा होता. पण हत्येनंतर पसरवले काय? सुरेखाबाईंचे चारित्र्य. मेलेल्या बाईच्या अंगावर चिखल टाकला की मारणारा नीतिमान ठरतो. हे हत्यार आपल्यावर चालवले गेले आहे. तेच हत्यार आपण आपल्या वस्तीतल्या मुलींवर चालवायचे? जी रात्रीच्या गाडीने येते तिच्यावर, जिला नवऱ्याने टाकले तिच्यावर, जी विधवा असून रंगीत साडी नेसते तिच्यावर?

२०२५ च्या जुलैमध्ये चौफुला भागातल्या एका कला केंद्रात गोळीबार झाला, यवत पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्या दिवसांत आम्ही कट्ट्यावर ऐकले, "ह्या बायांनी तालुका नासवला." गोळीबाराचा आरोप पुरुषांवर होता. तालुका मात्र बायांनी नासवला.

आपला धम्म काय सांगतो

पंचशील आपण रोज म्हणतो. तिसरे शील कामाच्या मिथ्याचारापासून दूर राहण्याचे. ते पुरुषही घेतो, स्त्रीही घेते. बायांसाठी एक आणि बाप्यांसाठी एक अशी दोन शीले भगवंतांनी दिलेली नाहीत. सिगालोवाद सुत्तात तर भगवंतांनी नवऱ्याची पाच कर्तव्ये मोजून सांगितली. बायकोचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा, तिला दागदागिने द्यावेत. एकनिष्ठेची अट नवऱ्यालाही आहे, हे किती नवऱ्यांना ठाऊक आहे?

आणि वैशालीची आम्रपाली. ती गणिका होती. तिचे भोजनाचे आमंत्रण भगवंतांनी स्वीकारले. नंतर लिच्छवी राजपुत्र आले. आमचे आमंत्रण घ्या म्हणाले. भगवंतांनी तिला दिलेला शब्द मोडला नाही. पुढे ती भिक्खुणी झाली आणि तिच्या गाथा थेरीगाथेत आल्या. तिला धम्माचे दार उघडताना कुणी तिचा भूतकाळ मोजत बसले नाही.

बाबासाहेबांनी हेच कायद्यात आणायचे ठरवले. तेव्हा हिंदू पुरुषाला कितीही बायका करता येत, बाईला मात्र नको असलेल्या नवऱ्यापासून सुटका नसे. हिंदू कोड बिलात एकपत्नीत्वाचे बंधन आणि घटस्फोटाचा हक्क होता. ते बिल रखडवले, म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५ च्या विवाह कायद्यात या गोष्टी आल्या, आणि तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. तरी १८६० पासूनचे कलम ४९७ उरलेच होते. त्यात बायको ही नवऱ्याची मालमत्ता असल्यासारखी धरली होती. परपुरुषाविरुद्ध नवऱ्याला तक्रार करता येई, पण नवरा बाहेर जातो म्हणून बायकोला तक्रार करता येत नसे. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. कायद्यातला दुटप्पीपणा जायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. घरातला जायला किती लागणार?

आपल्या घरापासून

बंधूंनो, भगिनींनो, आम्ही कुणाला स्वैराचार शिकवायला निघालेलो नाही. शील सोडा असे आम्ही म्हणत नाही. शील दोघांनी पाळा, एवढेच म्हणतो. मुलगी उशिरा आली तर जो प्रश्न तिला विचारता तोच मुलाला विचारा. तिने लग्नाला नकार दिला तर तो ऐका, कारण ज्या 'हो'मागे 'नाही' म्हणायची मोकळीक नाही, ते 'हो' नसते. तिला कुणी आवडला आणि तिने घरी येऊन सांगितले, तर आधी बसवून ऐका. न ऐकणाऱ्या घरातल्या मुली लपून भेटतात, आणि लपून भेटणाऱ्या मुलीलाच धोका जास्त. वयात आलेल्या मुलामुलींशी शरीराविषयी खरे बोला. ज्या गोष्टीसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ती घरात बोलायला आपल्याला लाज कसली?

चौफुल्याच्या बाईची कला वाईट नाही. तिच्या पायात चाळ बांधताना तिला दुसरी वाट होती का, हा प्रश्न आहे. तिची मुलगी शाळेत नीट शिकली, आणि पुढे लावणी गायची की कलेक्टर व्हायचे ते तिने स्वतः ठरवले, तर १९३६ चे सांगणे खऱ्या अर्थाने पुरे होईल. त्यासाठी विहारातल्या अभ्यासवर्गात त्या मुलांना जागा द्यावी. त्यांच्या आईचे नाव काय आणि बापाचे काय, हे विचारू नये.

त्या विहारात त्या आईने विचारले तेव्हा सगळे गप्प बसले. पुढच्या पौर्णिमेला कुणी पुन्हा एखाद्या मुलीचे नाव काढील. तेव्हा गप्प न बसता शेजारच्याने एवढेच विचारावे, "आणि तो?"

जयभीम.